उजव्या बटणाचा कौल

मालवणच्या धक्क्यामागे सुंभाच्या दुकानावर एक माडी होती. १९८९ साली त्या माडीवर किनारा संदेश कक्ष होता. कक्षाचं काम एकच. आचरा, देवबाग आणि आरोंदा इथून किती होड्या समुद्रात गेल्या, किती परतल्या आणि वारा कुठला आहे, हे सकाळी फोनवर विचारायचं आणि अकरा वाजता मुंबईच्या मुख्य कार्यालयाला कळवायचं. एकोणतीस वर्षं हे तारेने होत होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत तारेच्या जागी कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी दुसरी टेलिफोन लाइनही आली आणि संदेश त्या लाइनवरून मुंबईच्या कॉम्प्युटरकडे जाऊ लागला. निदान जायला हवा होता.

संदेश लिपिक सत्यवान गुरव यांचं वय पंचावन्न. निवृत्तीला तीन वर्षं होती. अक्षर वळणदार, हजेरी पूर्ण. अडचण त्यांच्या डाव्या हाताची होती. हातात दोष काही नव्हता, पण सकाळी साडेनऊ ते अकरा त्या हातात फोनचा रिसीव्हर असायचा आणि तो खाली ठेवता येत नसे. आरोंद्याची लाइन एकदा लागली की धरून ठेवावी लागे, कारण पलीकडचा माणूस रिसीव्हर टेबलावर ठेवून खाडीकडे जाई, होड्या मोजी आणि परत येई. मध्येच कोणी भेटलं तर त्याच्याशी बोलून येई. तेवढ्यात लाइन तुटली तर ती पुन्हा लागेपर्यंत जेवणाची वेळ होई.

कॉम्प्युटरच्या कीबोर्डला दोन हात लागत. गुरवांनी रिसीव्हर खांद्यात आणि कानात धरून पाहिला. पहिल्या दिवशी तो तीनदा निसटला, त्यातला एकदा चहात. चौथ्या दिवशी मान धरली. मग ते एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागले आणि अकराचा संदेश दीड वाजता मुंबईला पोचू लागला. पंचवीस मार्चला तो पावणेतीनला पोचला. त्यात देवबागच्या बेचाळीस होड्यांच्या जागी चारशे वीस होड्या होत्या.

एप्रिलच्या तीन तारखेला मुंबईहून पत्र आलं. उपसंचालक जयराम रेगे बारा मेला कक्षाची तपासणी करतील. संबंधित लिपिकाने त्यांच्यासमोर अकरा वाजता स्वतः यंत्रावरून संदेश पाठवावा. न जमल्यास लिपिकाची बदली गोव्याच्या हद्दीलगत इन्सुलीच्या नाक्यावरच्या रिकाम्या जागेवर करण्याचा विचार होईल.

गुरव आचऱ्याचे. रोज एस.टी.ने मालवणला येत आणि संध्याकाळी घरी जात. आचऱ्याला गावच्या देवाची सेवा त्यांच्या घराण्याकडे होती. दर सोमवारी पहाटे लोक देवाला कौल लावायला येत. विहीर खणू का, मुलीचं स्थळ धरू का, भावाशी बोलणं सुरू करू का, असे प्रश्न असत. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवत आणि बाजूला उभे राहत. पाकळी उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तेहतीस वर्षं ते हे करत होते. सोमवारी कौल आटोपून साडेसातची एस.टी. त्यांना मिळे. इन्सुलीला राहून हे जमणार नव्हतं. मग सोमवार त्यांचा चुलतभाऊ भिकाजी याच्याकडे जाणार होता. भिकाजी पाकळ्या नीट भिजवत नाही, त्या अर्ध्या मिनिटात गळून पडतात, असं गुरवांचं मत होतं. गावातल्या काही लोकांना ते सोयीचं वाटे. गुरव नसले तर त्या लोकांची एस.टी. चुकत नसे.

पत्र आल्याचं त्यांनी घरी सांगितलं तेव्हा त्यांची बायको नर्मदा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"इन्सुलीक काय देव नाय?"

"देव आसा," गुरव म्हणाले. "पण थंय गुरव पण आसा."

कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीने सतरा एप्रिलला पुण्याहून नीरजा आपटे यांना पाठवलं. वय सव्वीस. संदेशाचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. तो लिहिताना माणसाला दोन हात मोकळे असतात असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पहिला दिवस त्यांनी काहीच केलं नाही. कोपऱ्यात स्टूल घेऊन बसल्या आणि गुरवांचा डावा हात बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कीबोर्ड काढला आणि शिपाई धोंडू पेडणेकर याला तो कपाटात ठेवायला सांगितलं. पुढे जे काय होईल ते उजव्या हातातल्या माउसनेच होईल, असं त्यांनी जाहीर केलं.

कक्षाच्या नोंदवहीत त्या माउसची नोंद 'मूषक, नग एक' अशी होती. धोंडू त्याला उंदीर म्हणे आणि त्याची काळजी घेई. आठवड्यापूर्वी उंदराच्या पोटातली गोळी खाऱ्या हवेने अडकायला लागली म्हणून त्याने तिला खोबरेल लावलं होतं. त्यानंतर पडद्यावरचा बाण गुरवांनी ढकलला की खिडकीच्या दिशेने जाई आणि तिथेच राही. नीरजाबाईंनी गोळी स्पिरिटने पुसली, टेबलाच्या गुळगुळीत काचेवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा अंथरला आणि धोंडूला तेलाची बाटली घरी न्यायला लावली.

आकडे सोपे होते. शून्य ते नऊ हे आकडे त्यांनी पडद्यावर कॅरमच्या सोंगटीएवढे काढले. बाण नेऊन दाबायचं की आकडा उमटला. गावांची नावं तशीच. प्रश्न होता वाक्यांचा. माउसने वाक्य लिहिता येत नाही, निवडता येतं. म्हणून कक्षाला आजवर कोणकोणती वाक्यं लागली, असं नीरजाबाईंनी विचारलं. धोंडूने माळ्यावरून एकोणतीस वर्षांच्या तारांच्या नकला उतरवल्या. त्या सात पोती भरल्या. गुरव, धोंडू आणि नीरजाबाई चार दिवस वाचत होते.

एकोणतीस वर्षांत कक्षाने एकूण एकोणीस वाक्यं वापरली होती. नीरजाबाईंना आधी ते खरं वाटेना, म्हणून त्यांनी पोती पुन्हा उघडायला लावली. तरी वीस झाली नाहीत. 'हवामान प्रतिकूल असल्याने होड्या गेल्या नाहीत' हे एक. 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' हे सगळ्यात जास्त वेळा. 'आपल्या पत्राची वाट पाहत आहोत', 'आपले पत्र मिळाले नाही' आणि 'आपले पत्र मिळाले, परंतु सोबतचे सहपत्र मिळाले नाही' ही तिन्ही पाठोपाठ येत. 'वरील निर्णय पूर्ण विचारांती घेण्यात आला आहे' हे वाक्य एकोणीसशे अडुसष्टपासून होतं.

"चूक झाली, असं एकदाही कसं नाही?" नीरजाबाईंनी विचारलं. "आधीच्या तारेत आकडा चुकला होता, दुरुस्त करून वाचावा. असं काही?"

गुरवांनी थोडा विचार करून, तसं कधी पाहिल्याचं आठवत नाही, असं सांगितलं.

"चुकतत सगळे, बाय," धोंडू पोत्याचं तोंड बांधत म्हणाला. "पण लिवन कोण ठेवणा नाय."

एकोणीस वाक्यं पडद्यावर आली. पंचवीस तारखेला गुरवांनी फोन डाव्या हातात धरून पहिला संदेश माउसने तयार केला. दहा पन्नासला तो पुरा झाला. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, पाठवायचा का? होकाराला डावं बटण, नकाराला उजवं. खाली तसं लिहिलेलंही होतं. गुरवांनी ते वाचलं, मान हलवली आणि उजवं दाबलं. संदेश पुसला गेला.

दुपारपर्यंत त्यांनी तो अकरा वेळा तयार केला आणि अकरा वेळा पुसला. नीरजाबाईंना आधी वाटलं, चष्मा बदलायला हवा. मग वाटलं, बोट चुकतंय. अकराव्या वेळी त्यांनी गुरवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे गोंधळ अजिबात नव्हता. माणूस पूर्ण खात्रीने होकार देत होता.

मग गुरवांनी त्यांना कौल म्हणजे काय ते सांगितलं. उजवा म्हणजे हो. तेहतीस वर्षं दर सोमवारी उजवा म्हणजेच हो. डाव्या बटणावर बोट ठेवून हो म्हणायचं तर हात पुढे होत नाही. त्यांनी प्रयत्न केला होता.

नीरजाबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांचं गणित चांगलं होतं. उजवी म्हणजे कोणाची उजवी, देवाची की बघणाऱ्याची, असं त्यांनी विचारलं. देवाची, गुरव म्हणाले. मग देव आपल्या समोर असतो, तेव्हा त्याची उजवी ती आपली डावी, खरं ना? खरं. आणि पडदाही आपल्या समोर असतो. म्हणजे पडद्याची उजवी ती तुमची डावी. तर डावं बटण हाच उजवा कौल झाला, नाही का?

संध्याकाळच्या एस.टी.त गुरव खिडकीशी बसले आणि आचऱ्यापर्यंत आपले दोन्ही हात समोर धरून बघत राहिले. सकाळी जिना चढून आले ते सरळ टेबलापाशी गेले. चप्पल काढायची राहिली. ऑफिसात ते एरवी पुस्तकी मराठी बोलत. ती पण राहिली.

"बाई, तुमचा गणित बरोबर आसा. पण उंदीर देवाच्या हातात नाय. उंदीर माझ्या हातात आसा. हात माझो, उजवो पण माझो."

नीरजाबाईंनी वाद सोडला आणि बटणं बदलली. आता उजवं म्हणजे होकार, डावं म्हणजे नकार. होकार-नकार हे शब्दही त्यांनी काढून टाकले आणि तिथे फक्त 'उजवा की डावा?' एवढंच लिहिलं. गुरवांना तेवढं पुरे होतं.

आणखी एक अडचण निघाली. होकार दिल्यावर प्रोग्रॅम पुन्हा विचारी, 'नक्की?' गुरव दर वेळी तिथे थांबत. देवाने एकदा उत्तर दिल्यावर तोच प्रश्न त्या दिवशी पुन्हा विचारायचा नसतो. विचारणं म्हणजे अविश्वास. त्यांच्या हातून ते होईना. नीरजाबाईंनी 'नक्की?' सुद्धा काढून टाकलं. त्या काळात असं करू नये असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात संदेश रोज अकराच्या आत जाऊ लागला. आठ तारखेला सोमवार होता. त्या दिवशी गुरव कौल आटोपून आले आणि दहा बावन्नला संदेश पाठवून मोकळे झाले. आरोंद्याचा माणूस आकडा सांगून तेव्हा पुन्हा खाडीवर गेलेला होता.

बारा तारखेला, शुक्रवारी, उपसंचालक रेगे जीपने आले. रेगे मूळचे याच किनाऱ्यावरचे, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं मुंबईत. मुंबईच्या कार्यालयात त्यांच्या टेबलावर सहा महिने माउस होता, ही गोष्ट त्यांनी जिन्यातच सांगितली. नीरजाबाई त्यांना बदल समजावून सांगायला पुढे झाल्या, तेव्हा त्यांनी तळहात वर केला. मला हे शिकवू नका, म्हणाले.

दहा सत्तावन्नला गुरवांनी त्यांच्यासमोर संदेश पाठवला. आचरा एकतीस, देवबाग बेचाळीस, आरोंदा अठरा, वारा नैऋत्येचा. रेग्यांनी घड्याळ पाहिलं आणि उत्तम, असं म्हणाले. धोंडूला हायसं वाटलं. साहेबांसाठी बांगड्याचं जेवण सांगितलं होतं, ते आणायला तो खानावळीत गेला.

पण रेगे उठले नाहीत. बदलीचं काम त्यांनी मुंबईतच करून ठेवलं होतं आणि संदेश वेळेवर गेला म्हणून ते वाया घालवायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांच्या मेहुण्याला दमा होता. डॉक्टरांनी खारी हवा सांगितली होती. मेहुणा याच खात्यात लिपिक होता आणि मालवणची जागा त्याला सोयीची होती. गुरवांच्या बदलीचा प्रस्ताव मुंबईहून सव्वाअकराला यंत्रावर येणार होता. तपासणी अधिकारी म्हणून त्याला मंजुरी द्यायची होती रेग्यांनी, इथेच, याच यंत्रावर. कॉम्प्युटरवरून मंजूर झालेली किनाऱ्यावरची पहिली बदली, अशी नोंद त्यांना अहवालात हवी होती. त्यांनी हे सगळं मोकळेपणाने सांगितलं, मेहुण्याचा दमासुद्धा. गुरवांना त्यांनी वाईट वाटून घेऊ नका असं सांगितलं आणि खुर्ची मागितली.

गुरव उठले. फोन डाव्या हातातच होता. आरोंद्याचा माणूस आणखी एक होडी दिसते का बघून येतो म्हणून गेला होता. गुरव खुर्चीमागे उभे राहिले.

अकरा चौदाला पडद्यावर प्रस्ताव उमटला. लिपिक स. ध. गुरव यांची इन्सुली येथे बदली. त्याखाली एकच ओळ: उजवा की डावा?

रेग्यांनी माउस हातात घेतला.

"डावाच की," ते म्हणाले. "दुसरा कुठला असतो?"

नीरजाबाईंनी तोंड उघडलं आणि गुरवांकडे पाहिलं. गुरव बाजूला उभे होते, जसे देवळात उभे राहत तसे. पाकळ्या एकदा चिकटवल्या की लावणाऱ्याने हात लावायचा नसतो आणि बोलायचं नसतं. त्यांनी मान किंचित आडवी हलवली. नीरजाबाईंनी तोंड मिटलं.

रेग्यांनी डावं बटण दाबलं.

'प्रस्ताव नामंजूर. संदेश मुंबईस पोचला. ११.१४.'

रेग्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी यंत्र बिघडल्याचं सांगितलं. नीरजाबाईंनी ते बिघडलं नसल्याचं सांगितलं. इथे डावं म्हणजे नकार असतो, हे त्या मघाशीच सांगणार होत्या, साहेबांनी तळहात वर केला नसता तर. रेगे गुरवांकडे वळले.

"हे काय आहे?"

"डावा कौल, साहेब."

मुंबईत वाढलेला असला तरी माणूस किनाऱ्यावरचा होता. मुलीच्या लग्नाच्या वेळी रेग्यांनी स्वतः गावी येऊन कौल लावला होता आणि तो उजवा पडल्यावर मुंबईत पेढे वाटले होते. डावा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. काही वेळ ते पुठ्ठ्यावरच्या एप्रिल महिन्याकडे बघत राहिले.

कार्यालयाचा नियम असा होता की एकदा नामंजूर झालेली बदली त्या वर्षात पुन्हा मांडता येत नाही. मात्र अधिकाऱ्याने लगेच दुरुस्ती कळवली तर गोष्ट वेगळी. ती कळवायला रेगे तयार होते. त्यांनी वाक्यांची यादी उघडली आणि वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. हवामान प्रतिकूल होतं. पत्र मिळालं नव्हतं. कार्यवाही सुरू होती. चूक झाल्याचं वाक्य नव्हतं.

त्यांनी कीबोर्ड मागितला. कीबोर्ड कपाटात होता. कपाटाची किल्ली धोंडूच्या कमरेला होती आणि धोंडू बांगड्यापाशी होता.

इतक्यात पडद्यावर नवीन ओळ आली. मुंबईहून संचालक स्वतः विचारत होते, नामंजुरीचे कारण त्वरित कळवावे.

फोन होता. तो गुरवांच्या हातात होता, पण मागितला असता तर त्यांनी दिला असता, आरोंदा सोडून. रेग्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. फोनवर त्यांना संचालकांना सांगावं लागलं असतं की कर्मचाऱ्याला यंत्र वापरता येतं का हे तपासायला मी आलो आणि मला ते वापरता आलं नाही. सोबत मेहुणाही निघाला असता.

त्यांनी बाण यादीवरून हळूहळू खाली नेला. 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' या वाक्यावर तो थोडा थांबला. मग आणखी खाली आला. 'वरील निर्णय पूर्ण विचारांती घेण्यात आला आहे.'

"आता उजवा ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"होय साहेब. उजवो."

रेग्यांनी उजवं बटण दाबलं. संदेश अकरा एकवीसला मुंबईस पोचला. धोंडू बांगडे घेऊन आला तेव्हा साहेबांना भूक नव्हती. पण बांगडे ताजे होते, त्यामुळे ते जेवले. तपासणीच्या अहवालात रेग्यांनी यंत्र समाधानकारक असल्याचं आणि लिपिक स. ध. गुरव यांनी ते चांगलं आत्मसात केल्याचं लिहिलं. ते पुढे त्यांच्याच नामंजुरीचं कारण म्हणून फाइलला लागलं.

नीरजाबाई मंगळवारी पुण्याला जायच्या होत्या. शनिवारी त्यांनी गुरवांना सांगितलं की जाण्याआधी यादीत विसावं वाक्य घालायला हवं. 'चूक झाली आहे, कृपया दुरुस्त करून वाचावे.' यावेळी चाललं, पण दर वेळी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं.

गुरवांनी सोमवारी विचारून सांगतो, असं उत्तर दिलं.

सोमवारी कक्षात आल्यावर त्यांनी कौल डावा पडल्याचं सांगितलं. गर्दी नको म्हणून त्यांनी तो इतर लोक यायच्या आधी, पहाटेच लावला होता. त्या वेळी देवळात दुसरं कोणी नव्हतं. नीरजाबाईंनी फ्लॉप्या बॅगेत भरल्या.

"पाकळे बरे भिजयल्यात मां?" धोंडूने विचारलं.

गुरव उत्तर देणार होते. पण फोन वाजला, आरोंदा होतं. त्यांनी रिसीव्हर डाव्या हातात घेतला.